उसना पेनड्राइव्ह

३ मार्च

वन्सं,

लागला! कॉम्प्युटर लागला! नमस्कार-बिमस्कार शेवटी बघू, आत्ता मला दम नाही.

पेनड्राइव्हवरची तुमची नवी सिस्टीम, ते लिनक्स, बसवायला तुम्ही पाठवलेला बारा पायऱ्यांचा कागद मी भिंतीला टाचणीनं लावला. एक पायरी झाली की खडूची एक खूण. शुक्रवारी सकाळी नवाला बसले ते अकराला उठले. तुमचे दादा मागे खुर्ची टाकून बसलेले, मी जशी काही सुरुंगाला वात लावतेय. सारखं आपलं "हळू, हळू." मी म्हटलं, मी काय झोपलेलं पोर हलवतेय का हळू करायला?

तुम्ही लिहिलं तस्संच केलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. सातव्या पायरीला लिहिलंयत, यादीतलं पहिलं नाव निवडा. इंग्रजी मला कुठे वाचता येतं, पण पहिलं म्हणजे पहिलं. निवडलं. बाराव्या पायरीनंतर पडद्यावर इंग्रजीत आणखी काहीतरी उमटलं, त्याबद्दल तुमच्या कागदावर काही नव्हतं, म्हणून एंटर दाबून मोकळी झाले. गेलं सगळं काळोखात. आणि मग तो तुमचा काळा-पांढरा पक्षी आला, पेंग्विन! कोर्टात निघालेल्या वकिलासारखा. मी अशी ओरडले की खालचा घड्याळवाला वर धावत आला.

आता खरी गोष्ट ऐका. गावात नवं नाट्यगृह होतंय, त्याचा पडदा आपल्याकडे आलाय! चाळीस फूट रुंद, गडद लाल मखमल, आणि खालच्या काठाला इकडून तिकडे वेल. दादांनी चार महिने बसून कॉम्प्युटरवर काढलीय ती. डाव्या टोकाला कळी, मध्यावर पूर्ण फूल, उजव्या टोकाला शेंग आणि बी. भरतकामाच्या मशीनच्या चौकटीत एका वेळी एकच फूट कापड बसतं, म्हणून चाळीस तुकडे केलेत, आणि एकासारखा दुसरा नाही. जुन्या सिस्टीमवर कॉम्प्युटर दर फुटाला तीनदा झोपायचा. हे तुमचं लिनक्स चार दिवसांत एकदाही झोपलं नाही. नऊ फूट भरून झाले! सव्वीसला पडदा द्यायचा, अठ्ठावीसला पहिलं नाटक. इतकं मोठं काम या दुकानात कधी आलं नव्हतं. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतेय, आणि माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत.

तुमचा पेनड्राइव्ह आजच पार्सलानं वेगळा धाडतेय. काम झालं की उसनी वस्तू एक दिवस घरात ठेवायची नाही, ही माझी रीत. तुमची तर मुळीच नाही. डबी रिकामी कशी पाठवायची, म्हणून आत मखमलीचा एक तुकडा ठेवलाय, त्यावर पहिली कळी.

काम चांगलं केलंत. एवढंच म्हणते, जास्त चढू नका.

वहिनी

४ मार्च

वन्सं,

कालचं पत्र फाडून टाका.

काल संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला, पार्सल घेऊन पोस्टात गेले, आले, झोपले. आज सकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. बस. पक्षी नाही, चित्र नाही. अकरा वेळा बंद-चालू केलं. दादा म्हणाले, "जरा थांबून बघू." थांबले. चहा प्यायले. बाराव्यांदा दाबलं. तीच ओळ, तशीच तोंडावर बसलेली.

एकतीस फूट वेल त्या डब्यात आहे. कागदावर काही नाही, दादांनी कागदावर काढलंच नाही. गेली का हो ती? एवढं आधी सांगा.

वहिनी

५ मार्च

वहिनी, नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं आज एकाच बोटीनं आली. मी आधी दुसरं उघडलं. त्यामुळे पहिलं वाचताना फार विचित्र वाटलं.

बोट इथे सोमवारी आणि गुरुवारी येते आणि दोनच तास थांबते. तेवढ्यात टपाल उतरतं आणि तेवढ्यातच मला उत्तर लिहावं लागतं. या बेटावर फोन लागत नाही, आणि आमच्या वेधशाळेचा वायरलेस फक्त वाऱ्या-पावसाच्या आकड्यांसाठी आहे. त्यावर घरचं बोललं तर वरून ताकीद येते. तेव्हा पत्रानंच निभावू.

वेल गेलेली नाही, असं मला वाटतं. तिसऱ्या पायरीत आपण डिस्कचे दोन भाग केले होते, नक्ष्या दुसऱ्या भागात आहेत, त्याला लिनक्सनं हात लावलेला नाही. पण ती ओळ काय म्हणते ते कळल्याशिवाय मी अंधारात चाचपडतेय. अक्षरं जशी दिसतात तशी उतरवून पाठवा. एकही सोडू नका. घाई करू नका.

दादाची तब्येत कशी आहे?

ता. क. चार दिवस उत्तम चाललं आणि पाचव्या दिवशी नाही, हे मला फार चमत्कारिक वाटतंय. इथे मी आणि वायरलेसवाला, आम्ही दोघं जेवताना तेच बोलतोय.

७ मार्च

वन्सं,

सोबतचा कागद बघा. कॉम्प्युटरच्या काचेवर ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि ओळ पेन्सिलीनं गिरवली, नक्षी उतरवतो तशी. एक टिंब सोडलं नाही. काच पुसली नव्हती, त्यामुळे मधे एक माशीचा डागही आलाय, तो वाचू नका.

दादा बरे आहेत. जेवतात, झोपतात, मला सल्ले देतात.

घाई करू नका म्हणता. नाट्यगृहाचा व्यवस्थापक काल येऊन गेला. भरलेले नऊ फूट मी त्याच्यापुढे उलगडले, तर माणूस जमिनीवर मांडी घालून बसला! फुगीर टाक्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "बाई, लोक नाटक बघायला येतील की हे?" मला इतका आनंद झाला की जीभ चावली तरी कळलं नाही. मग विचारतो, पुढचं कधी? मी म्हटलं, मशीनला तेल देतोय. चार दिवस तेलच देतेय मी. एवढ्या तेलात गावजेवण झालं असतं.

लवकर सांगा काय करू. मला हात बांधून बसता येत नाही, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको.

वहिनी

९ मार्च

वहिनी,

कागद मिळाला. अक्षरं उलटी आहेत! आधी मला वाटलं, कॉम्प्युटरच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग वायरलेसवाला म्हणाला, आरशात धरून बघा. दाढीच्या आरशात धरला आणि लख्ख वाचता आलं. तुम्ही सवयीनं कागद पालथा करून मागून पेन्सिल फिरवलीत, कापडावर छाप उठवताना करता तशी. हो ना? मला एकदम तुमचं कापायचं टेबल आठवलं, आणि त्याच्याखाली बसून चिंध्या गोळा करणारी मी.

ओळीचा अर्थ असा: जिच्यावरून सुरू होता येईल अशी डिस्क सापडत नाही.

याची कारणं तीन असू शकतात. डिस्कची वायर सैल झाली असेल. आतली रुपयाएवढी गोल बॅटरी संपली असेल, मग कॉम्प्युटर आपल्या सवयी विसरतो. किंवा डिस्कच गेली असेल. तिसऱ्याचा विचार आत्ता नको.

मागचे चार स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडा. प्लग आधी काढा. डिस्क म्हणजे वहीएवढी चपटी पेटी. तिच्या दोन्ही वायरी काढून पुन्हा घट्ट बसवा. बॅटरी बदला. मग बटण दाबल्याबरोबर एफ दोन ही कळ दाबत राहा, निळं पान येईल. त्यात डिस्कचं नाव दिसतं का, तेवढं गिरवून पाठवा.

सरळ बाजूनं.

११ मार्च

वन्सं,

उघडला! कापायच्या टेबलावर आडवा घातला आणि उघडला. दादा दुसऱ्या खोलीत निघून गेले, त्यांना बघवेना. आत काय मिळालं सांगू? धुळीची एक गादी, तिच्यावर एक उंदीर सुखानं निजला असता. एक शर्टाचं बटण. दोन सुया. आणि माझी छोटी कात्री, जी दादांनी हरवली असं मी दोन वर्षं म्हणत होते. कात्री मी गुपचूप ओढणीखाली लपवली. त्यांना सांगू नका.

वायरी काढल्या, घट्ट बसवल्या. खालून घड्याळवाल्याकडून बॅटरी आणली, त्यानं स्वतः बसवून दिली. एफ दोन. निळं पान आलं! माझा आनंद गगनात मावेना. कागदावर गिरवलंय, सरळ बाजूनं, एक लांब नाव आणि पुढे आकडे. म्हणजे डिस्क जिवंत आहे, होय ना? घड्याळवालाही तेच म्हणाला.

झाकण लावलं, बटण दाबलं. तीच ओळ.

वन्सं, मला ती ओळ आता पाठ झालीय. वाचता येत नाही, पण झोपेत भरून दाखवीन.

एक गोष्ट सांगायची नव्हती, सांगते. दादांनी काल दहावा फूट कागदावर काढायला घेतला, आठवणीनं. तुम्हाला "बरे आहेत" लिहिलं ते अर्धं खरं. उजवा हात वर्षभर थरथरतो. कॉम्प्युटरवर रेघ वाकडी गेली तर सुधारता येते, म्हणून चार महिने लागले वेलीला, नाहीतर ते काम चार आठवड्यांचं. कागदावर सुधारता येत नाही. एक पान काढलं त्यांनी, त्याची कड करवतीसारखी झाली. मी मशीन पुसायचं सोंग केलं. म्हणून म्हणते, ती वेल पुन्हा होणार नाही. जी आहे ती त्या डब्यातलीच.

पंधरा दिवस राहिले.

वहिनी

१२ मार्च

वहिनी,

दादाच्या हाताचं तीनदा वाचलं. बोटवाला शिट्टी वाजवतोय, म्हणून थोडक्यात.

डिस्क दिसतेय, म्हणजे ठीक आहे. बॅटरी नवी. वायरी घट्ट. मग उरतं ते एकच: बसवताना काहीतरी चुकलं. तुम्ही एखादी पायरी गाळली असणार, किंवा नंतर न कळत काही पुसलं असणार. खरं काय ते सांगा, मी रागावणार नाही. तुम्हाला घाई असते, हे मला माहीत आहे.

पेनड्राइव्ह पंधरवड्यानं येणाऱ्या मालाच्या बोटीनं सोमवारी माझ्याकडे पोचेल. गरज पडली तर सगळं नव्यानं बसवावं लागेल. तोवर कशालाही हात लावू नका.

१४ मार्च

वन्सं,

कशालाही हात लावू नका! मला?

तुमचा कागद अजून भिंतीवर आहे. बारा पायऱ्या, बारा खडूच्या खुणा. घड्याळवाल्याला वर बोलावून मोजायला लावल्या, साक्षीदार म्हणून. मी शाळेत चार यत्ता गेले, पण बारापर्यंत मला मोजता येतं. सांगितलं तेवढंच केलं. आपलं डोकं एकदाही वापरलं नाही, आणि वन्सं, त्याला मला किती जोर लागला असेल याचा तुम्ही विचार करा.

घाई. घाईचं तुम्ही काढलंत, तर आज सगळंच काढते.

अकरा वर्षांपूर्वी नवं भरतकामाचं मशीन आलं होतं. दुसऱ्या दिवशी माल द्यायचा, आणि तुम्ही ते उघडून बसलात. आत काय आहे ते बघायचं होतं म्हणे! जमिनीभर स्क्रू. संध्याकाळपर्यंत जुळवलंत, पण माल एक दिवस चुकला. मी दारात उभी राहून ओरडले, "पुन्हा माझ्या मशीनला हात लावायचा असेल तर या घरात पाऊल ठेवू नका." तुम्हाला नोकरीचा कागद आलेलाच होता. पिशवी उचललीत आणि गेलात. ते गेलात.

आता जे मी अकरा वर्षं गिळून बसलेय ते लिहिते. ते मशीन त्यानंतर एकदाही अडलं नाही. कारखान्यातून आलं तेव्हा त्याची सुई अर्धा केस तिरकी चालायची, दर शंभर टाक्यांना दोरा तुटायचा. तुम्ही जुळवलंत तेव्हापासून नाही. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. हातात दोरा होता, तुटला नाही, आणि मी उभ्या जागी समजले. पण लिहिलं नाही. माझी मान शिसवी लाकडाची, वाकत नाही.

तर झालं. लिहिलं. आता माझा कॉम्प्युटर सुरू करा.

माझी चूक नाही. कुठेतरी तुमची आहे. शोधा.

वहिनी

१६ मार्च

वहिनी! वहिनी! वहिनी!

सापडली! माझी चूक सापडली! आणि तू म्हणालीस तशी ती माझीच आहे, शंभर टक्के, वर शिक्का मारून!

नीट सांगते. सकाळी मालाची बोट आली, तुझी डबी आली. कळी बघितली. इतकी जिवंत आहे ती की वायरलेसवाल्यानं वास घेतला. मग पेनड्राइव्ह पुसून ठेवू म्हणून तो वेधशाळेच्या कॉम्प्युटरला लावला, आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळा पडदा! पांढरी ओळ! दहा वाजताचे वाऱ्याचे आकडे धाडायचे होते. वायरलेसवाला म्हणाला, "तुमच्या वहिनींचा रोग डबीतून आला." मी पेनड्राइव्ह उपटला. कॉम्प्युटर सुरू! लावला, बंद. उपटला, सुरू. तीनदा करून पाहिलं आणि मग मी खोलीभर नाचले. चाळीस वर्षांची बाई, वाऱ्याच्या नकाशांमधून.

हे बघ काय झालंय. कॉम्प्युटर चालू झाला की तो आधी एका लहानशा प्रोग्रामला शोधतो, दारावरच्या रखवालदाराला. रखवालदार सांगतो, सिस्टीम अमुक खोलीत आहे, या. सातवी पायरी म्हणजे या रखवालदाराला कुठे बसवायचं ते. मी लिहिलं, यादीतलं पहिलं नाव. कारण मी इथे या कॉम्प्युटरवर करून पाहिलं तेव्हा पहिलं नाव डिस्कचं होतं. तुझ्या कॉम्प्युटरवर पहिलं नाव पेनड्राइव्हचं होतं! तुझी सिस्टीम तुझ्या डिस्कवर व्यवस्थित बसली, आणि रखवालदार बसला पेनड्राइव्हवर. माझ्या कॉम्प्युटरवर आज तो तुझी खोली शोधत बसला, ती इथे कुठली! शेवटी इंग्रजीत जे उमटलं ते "आता पेनड्राइव्ह काढा" असं होतं. ती तेरावी पायरी, मी लिहायची विसरले. तू एंटर दाबलंस, पेनड्राइव्ह आतच राहिला, म्हणून चार दिवस सगळं धावलं. पाचव्या दिवशी तू उसनी वस्तू परत केलीस.

वहिनी, घर शाबूत, सामान शाबूत, वेल शाबूत. फक्त तू घराची किल्ली पार्सल करून मला पाठवलीस!

जगात दुसऱ्या कुणीही तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरलाच लागलेला राहू दिला असता. महिनाभर कुणाला पत्ताही लागला नसता. तुझ्या त्या रितीनं माझी चूक पकडली. तू एकही पायरी चुकली नाहीस. घाई मी केली. बोट सुटत होती आणि मी तुझा कॉम्प्युटर न बघता "पहिलं नाव" लिहून मोकळी झाले. आणि दोष तुला दिला.

आता पेनड्राइव्ह परत यायला हवा. पार्सल मालाच्या बोटीनं जातं, ती पुन्हा तीस तारखेला. पाकिटात तो जात नाही, बोटवाला जाड पाकीट घेत नाही. मी सगळे नियम वाचले. नियमात एकच गोष्ट गुरुवारच्या बोटीनं जाऊ शकते, ती म्हणजे रजेवर निघालेली नोकर. माझी अकरा वर्षांची रजा साठलीय. वायरलेसवाला म्हणतो, आठवडाभर वारा मी मोजतो, तुम्ही जा.

गुरुवारी येते. पेनड्राइव्ह मुठीत धरून. पाऊल ठेवू का?

१७ मार्च

बोटवाल्याला सांगितलंय, हे पत्र तू बोटीत चढताना तुझ्या हातात द्यायचं. आधी दिलं तर त्याची खैर नाही.

ये.

दादांना सांगितलं तर ते लगेच उठले आणि तुझ्या खोलीतले कापडाचे गठ्ठे एकट्यानं ओढायला लागले, थरथरत्या हातांनी. मी ओरडले, ऐकलं नाही. खोली रिकामी झालीय. कधी नव्हे ते खिडकी पुसली.

मी घराची किल्ली पोस्टानं पाठवली म्हणतेस. घड्याळवाला हसून हसून खाली जिन्यावर बसला. बसू दे. मी सुद्धा हसले, पण आधी पंधरा मिनिटं रडले, चूक माझी नव्हती म्हणून. कुणाला बोललीस तर बघ.

मशीन उघडायचं असेल तर उघड. पण सव्वीस तारखेनंतर.

वहिनी

२६ मार्च

वहिनी,

आत्ताच उतरले. बोट दीड तास थांबेल, म्हणून धक्क्यावरच लिहितेय, वाऱ्यानं कागद उडतोय.

कान अजून घणघणताहेत. सहा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते मशीन! मी चौकट लावायची, तू कापड सरकवायचं, दादा पुढच्या फुटाचं चित्र कॉम्प्युटरवर उघडून ठेवायचा, आणि दर फुटाला तुमचं भांडण, पान डावीकडे झुकलंय की नाही यावर. मधल्या मोठ्या फुलाच्या वेळी दोरा संपला आणि तू खालच्या घड्याळवाल्याच्या बायकोच्या पेटीतून लाल रीळ उचलून आणलंस, न विचारता! "नंतर सांगते" म्हणे. उसनं न ठेवणारी ती बाई कुठे गेली?

आणि पहिल्या संध्याकाळचा तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही. पेनड्राइव्ह लावला, पक्षी आला, तू डोळे मिटून घेतलेस. मी एक ओळ टाइप केली, रखवालदाराला डिस्कवर आणून बसवलं. मग पेनड्राइव्ह काढायची पाळी आली तर तू माझं मनगट धरलंस. "राहू दे की आतच, काय घाई आहे?" तू म्हणालीस! तू! मी काढला. बटण दाबलं. आपण तिघं श्वास रोखून. आणि पक्षी आला, आपल्या पायांनी.

काल रात्री चाळिसावा फूट, शेंग फुटून बी बाहेर. पडदा वेळेवर गेला. पहिलं नाटक बघता आलं नाही याची हुरहूर आहे, रजा आजपर्यंतच होती. सगळं लिहून कळव. एक टिंब सोडू नकोस.

आणि एक काम. पिशवी तीनदा उलटी केली, पेनड्राइव्ह नाही. तुझ्या टेबलावर विसरले वाटतं. दर पहिल्या तारखेला आकडे त्यावर घ्यावे लागतात, एवढ्यात दुसरा मिळायचा नाही. वायरलेसवाल्याकडचा उसना घेऊन या वेळी भागवीन. पार्सलानं पाठवून दे.

तुझी

२९ मार्च

ऐक.

नाट्यगृह गच्च. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. दादांनी नवा शर्ट घातला, आणि कॉम्प्युटरमधे सापडलेलं ते जुनं बटण त्याला लावायला लावलं, शुभ म्हणून. दिवे मंद झाले आणि एकच उजेड खालून पडद्यावर पडला. वन्सं, काय सांगू! चाळीस फूट वेल! आपण टेबलावर फूट-फूट बघत होतो, मुंगीनं हत्ती बघावा तसं. पूर्ण मी पण कधी पाहिली नव्हती. डावीकडे कळी, मान वळवत जावी तर उमलत जाते, मध्यावर ते थाळीएवढं फूल, आणि उजवीकडे बी उडतंय. कुणीतरी मागून टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. नाटक सुरू व्हायच्या आधी! व्यवस्थापक उठून दादांकडे हात करतोय. दादा उभे राहिले, वळले, हात जोडले. थरथरत होते ते हात, सगळ्यांना दिसत होते. त्यांनी लपवले नाहीत.

आणि मग काय झालं? पडदा उघडला! सगळी वेल घड्या होऊन दोन्ही बाजूंना गोळा. मी दादांना म्हटलं, "एवढ्यासाठी जीव काढला? हे आधी कुणी सांगितलं नाही मला!" पुढचा नट थांबून माझ्याकडे बघायला लागला. दादा हसून हसून वाकले. नाटक बरं होतं. मी पडदा पडायची वाट बघत होते, तीनदा पडला.

व्यवस्थापक आज सकाळी पुन्हा आला होता. पडद्याच्या वर एक झालर हवी म्हणतो, तीपण चाळीस फूट, पक्ष्यांची. कॉम्प्युटर रोज सुरू होतो, काही लावायला लागत नाही. दादांनी पहिला पक्षी काढायला घेतलाय. कुठला म्हणून विचारू नकोस. काळा-पांढरा आहे.

घड्याळवाल्याच्या बायकोचं रीळ परत केलं, आणि सोबत एक नवं. मी तीच आहे, काळजी करू नकोस.

आता तुझा पेनड्राइव्ह. टेबलावर नाही. तू विसरलीच नाहीस तर टेबलावर कुठून असेल? बोटीवर जायच्या आधी तू दादांच्या पाया पडायला वाकलीस, तेव्हा तुझ्या पिशवीतून मी काढला. कात्रीच्या डबीत आहे, कुलपात. किल्ली माझ्या कमरेला.

पार्सलानं येणार नाही. हवा असेल तर येऊन ने.

तुझी वहिनी